बर्फातली खुर्ची

गेल्या महिन्यात चिरंजीवांनी बोस्टनहून एका बातमीचे छायाचित्र फोनवर पाठविले. हिवाळ्यात शहरातील रस्त्यांवरून उचललेला बर्फ बंदराजवळच्या एका मोकळ्या जागेत नेऊन टाकला जात असे. त्या बर्फाचा डोंगर एके काळी ७५ फूट उंच झाला होता. तो अखेर १४ जुलै २०१५ रोजी नामशेष झाल्याचे महापौरांनी जाहीर केले, अशी ती बातमी. येथे सांगलीत त्या दिवशी अधिक आषाढ सरत आला होता, पावसाने ओढ दिली होती आणि हळदीच्या पेठेतील आमचे स्नेही दुकानाच्या पायरीवर बसून आभाळाला दूषणे देत होते. मी ती बातमी त्यांना वाचून दाखविली. "जुलैपर्यंत बर्फ टिकतो? त्यातला निम्मा इकडे पाठवा म्हणावं," एक जण म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो. परंतु त्या शहरातील बर्फ चार-दोन घमेली का होईना मी स्वतःच्या हातांनी उपसला असल्यामुळे, वर्षानुवर्षे थकलेले एखादे खाते अखेर मिटावे, तसे मला मनातून वाटले.

माझ्या निवृत्तीनंतरचा तो पहिलाच हिवाळा. नातू सप्टेंबरात जन्मलेला, सूनबाईंची रजा डिसेंबरअखेर संपणारी. म्हणून आम्ही उभयता डिसेंबरात बोस्टनला गेलो. शहराच्या डॉर्चेस्टर भागात लाकडी तिमजली घरांच्या रांगा आहेत. प्रत्येक मजल्यावर एक कुटुंब, पुढे लहानसा सज्जा, आणि खालच्याने खोकले तर वरच्याला कळावे इतक्या पातळ तक्तपोशी. अशा एका घराच्या मधल्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड होते. पहिला बर्फ पडला तेव्हा आम्ही दोघे लहान मुलांसारखे खिडकीशी उभे होतो. निःशब्दपणे कापूस पिंजला जावा आणि पाहता पाहता गल्ली पांढरी व्हावी, असे ते दृश्य. मी छायाचित्रे काढून पेठेतील मित्रांना पाठविली. माझे कौतुक तेवढ्यावरच संपले, हे येथेच सांगून टाकतो.

२६ जानेवारीला, म्हणजे आपल्या प्रजासत्ताक दिनी, पहिले मोठे वादळ आले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दोन फूट बर्फ टाकून गेले. २ फेब्रुवारीला दुसरे. ७ तारखेपासून तिसरे, ते चार दिवस हटेना. मग चौदा-पंधरा तारखेला चौथे. तीस दिवसांत सुमारे ९४ इंच आणि संपूर्ण हंगामात ११०.६ इंच, म्हणजे नऊ फुटांहून अधिक बर्फ बोस्टनच्या विमानतळावर मोजला गेला. १९९५-९६ च्या हिवाळ्याचा १०७.६ इंचांचा उच्चांक त्या वर्षी मोडला. अटलांटिकच्या किनाऱ्यालगत कमी दाबाचे क्षेत्र सरकत येते, समुद्रावरून बाष्प येते, कॅनडाकडून हाडे गोठविणारी हवा येते आणि दोहोंची गाठ नेमकी या लोकांच्या माथ्यावर पडते. वारे ईशान्येकडून वाहतात म्हणून या वादळांना तिकडे 'नॉरईस्टर' म्हणतात.

मी हिशेबी माणूस. दहा इंच बर्फ वितळला की साधारणपणे एक इंच पाणी होते, असे वाचल्यावर मी लगेच आकडेमोड केली. त्यांच्या त्या विक्रमी हिवाळ्याचे पाणी अकरा इंच. आमच्या सांगलीत वर्षाला याच्या सुमारे दुप्पट पाऊस पडतो आणि तरी आमचा जिल्हा टंचाईच्या यादीत! चिरंजीवांना मी हे ऐकविले. ते म्हणाले, "बाबा, पाऊस वाहून जातो. हा इथेच राहतो." खरेच होते ते. पाऊस कितीही पडो, त्याला गटार, ओढा, नदी अशी वाट असते. बर्फ मात्र उचलून ठेवावा लागतो, आणि ठेवायला जागा नसते. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारे ट्रक आले की तो कडेला उभ्या मोटारींवर जातो. मोटारवाला तो उपसून पदपथावर टाकतो. पदपथ ज्याच्या दारासमोर आहे तो मनुष्य पुन्हा रस्त्याकडे लोटतो. एकाच मालाची ही अशी फिरवाफिरवी मी चौतीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती.

व्यापारी वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. बोस्टनमध्ये बर्फ थांबल्यापासून तीन तासांच्या आत दारासमोरचा पदपथ निदान ४२ इंच रुंद मोकळा करण्याची जबाबदारी मालमत्तेच्या मालकाची असते. रात्री बर्फ पडला तर सूर्योदयापासून तीन तास. शिवाय २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, बर्फ आपोआप पडला आहे, एवढे म्हणून मालकाला हात झटकता येणार नाहीत. जागा सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी त्याने घेतली नाही आणि कोणी घसरून पडला, तर तो जबाबदार ठरू शकतो. आपल्याकडे दुकान उघडताच दारात पाणी शिंपडून झाडून घेतात, त्या वेळी तिकडचा दुकानदार फावडे आणि जाड्या मिठाचे पोते घेऊन उभा असतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला मी पहाटे सहाला हे करताना रोज पाहत असे. मिठाने बर्फ लवकर वितळतो खरा. पण थंडी उणे नऊ-दहाच्या खाली गेली की मीठही हात टेकते.

आणि हा सगळा त्रास दाराबाहेरच राहतो असेही नाही. घरातील उबेमुळे छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी वळचणीपर्यंत येते आणि तेथे गोठून त्याचा बांध तयार होतो. मागचे पाणी अडते आणि कौलांखालून घरात शिरते. पागोळ्या गोठून हातभर लांबीचे काचेचे सुळे लोंबत असत. बाहेर उणे दहा आणि आत छतातून ठिबक! वरच्या मजल्यावरील कुटुंबाने तीन पातेली मांडली होती, त्यांचा टपटप आवाज आम्हाला रात्रभर ऐकू येई.

तेव्हा कुरकुर करणे हा त्या शहराचा त्या हिवाळ्यातील मुख्य व्यवसाय होता. बसथांब्यावर, दुकानात, जिन्यात, जो भेटेल तो प्रथम बर्फाला शिव्या घालणार आणि मग नमस्कार करणार. आमच्या तळमजल्यावर आयरिश वंशाचे एक वृद्ध गृहस्थ राहत. वय पंच्याहत्तरच्या पुढे, एकटेच. त्यांचे इंग्रजी मला कळत नसे, माझे त्यांना कळत नसे. मात्र बर्फाविषयीची तक्रार दोघांनाही नेमकी कळे. सकाळी ते दारात फावडे टेकून आभाळाकडे पाहत आणि मान हलवीत; मीही सज्जातून मान हलवी. १९७८ च्या फेब्रुवारीतील मोठ्या वादळाची गोष्ट त्यांनी मला निदान चारदा सांगितली. त्या वेळी शहराबाहेरच्या महामार्गावर हजारो मोटारी जागच्या जागी गाडल्या गेल्या होत्या. चौथ्या वेळी मला ती बरीचशी समजली.

त्यांची एक गोष्ट मात्र मला हास्यास्पद वाटे. रस्त्याच्या कडेला मोटार लावण्यासाठी एक मोटारभर जागा उपसायला दोन-तीन तास लागतात. ज्याने ती उपसली त्याने मोटार बाहेर काढताना तेथे एखादी खुर्ची, डबा, मोडकी इस्त्रीची फळी असे काहीतरी ठेवावे आणि इतरांनी ती जागा घेऊ नये, अशी तेथील रीत आहे. हिमसंकटाची घोषणा उठल्यानंतर ४८ तास नगरपालिकाही ही रीत चालवून घेते. आमच्या वृद्ध गृहस्थांची एक हिरव्या पट्ट्यांची, घडीची खुर्ची होती. ते दुकानात जायला निघाले की आधी खुर्ची मांडत, दोन पावले मागे येऊन पाहत, पुन्हा थोडी सरकवत. सार्वजनिक रस्ता, त्यावर खाजगी मालकीचा दाखला म्हणजे एक खुर्ची! ना नोंद, ना पावती, ना तारण. मी सौभाग्यवतींना म्हणालो, "अशा तारणावर मी पाच रुपयेसुद्धा कर्ज दिलं नसतं."

घरातील खरी अडचण वेगळी होती. चिरंजीवांचे काम संगणकावरचे. ते घरूनही होते. सूनबाई एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ततपासणीचे काम करतात. शाळा बंद, कचेऱ्या बंद, तरी रुग्णालय बंद नसते. पहाटे साडेपाचला बाळाला पाजून, गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून त्या भुयारी रेल्वेच्या स्थानकाकडे निघत. ही रेल्वे नावापुरती भुयारी. आमच्या बाजूला ती उघड्यावरून धावते. तिला वीज मिळते ती रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून. त्यावर बर्फाचा थर चढला की वीज तुटते. आणि पिठासारखा बारीक बर्फ डब्यांखालच्या मोटरींमध्ये शिरला की त्या जळतात. काही डबे तर १९६९ सालचे होते. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी घसारा शिकलो तो पुस्तकी. तो दरवर्षी खर्ची टाकायचा आणि विसरायचा. पण जुनी यंत्रे बदलण्याचे वर्षानुवर्षे लांबणीवर टाकले की घसारा एके दिवशी स्वतः वसुलीला येतो, हे मी त्या फेब्रुवारीत पाहिले.

त्यात दिवस लहान. डिसेंबरात तेथे सूर्य सव्वाचारच्या आतच मावळतो, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाचच्या सुमारास. सूनबाई सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यामुळे दुपारी तीनला प्रयोगशाळेतच डबा खायचा आणि मग घरी येईपर्यंत काही नाही, असा त्यांचा क्रम. एरवी त्या साडेपाचला घरी पोचत, बाळ दिवसभर बाटलीने कसेबसे थोडे पिऊन त्यांचीच वाट पाहत असे.

सोमवार, ९ फेब्रुवारी. चिरंजीव कंपनीच्या कामाला कॅलिफोर्नियात गेलेले; रविवारी परतायचे, ते विमान रद्द झाले. सकाळपासून बर्फ थांबला नव्हता. दुपारी दूरदर्शनवर घोषणा झाली की, संध्याकाळी सातला सगळी रेल्वे बंद होणार आणि मंगळवारी दिवसभर बंदच राहणार. साहजिकच अर्धे शहर एकदम स्थानकांकडे धावले. सहा वाजले, सूनबाई नाहीत. बाळाने बाटली तोंडाला लावू दिली नाही. सौभाग्यवतींनी वाटीचमच्याने पाजून पाहिले, खांद्यावर घेऊन येरझारा घातल्या, अंगाई म्हटली. ते रडणे मला आजही आठवते. साडेसातला फोन आला. दोन गाड्या भरून गेल्या, तिसरीत चढता आले; पण ती मध्येच एका स्थानकावर रिकामी केली. बाहेर बसची रांग आहे, तीनशे माणसे तरी असतील. "बाबा, काळजी करू नका. बाळ प्यायलं का?" मी म्हणालो, "प्यायलं." खोटे बोललो. मागून रडणे ऐकू जातच असणार.

चालत जाऊन आणावे, असा विचार माझ्या मनात आला. अंतर तीन-चार किलोमीटर, रस्ते अनोळखी, पदपथ गाडले गेलेले, आणि मी साठीचा रक्तदाबाचा रोगी. जाऊन काय करणार होतो? दोघे मिळून चालत आलो असतो एवढेच. मी बूट चढविले आणि काढले, पुन्हा चढविले.

तेवढ्यात दार वाजले. तळमजल्यावरील गृहस्थ पायजमा आणि जाड कोट घालून उभे होते. तक्तपोशीतून दोन तास रडणे ऐकून ते वर आले होते. मी मोडक्या वाक्यांत सांगितले. त्यांनी फक्त स्थानकाचे नाव विचारले आणि खिशातून किल्ली काढली.

आम्ही खाली आलो. मोटारीवरचा बर्फ झाडायला दहा मिनिटे लागली. मग ते खुर्ची ठेवण्यासाठी वळले, तर खुर्ची नाही. पायरीशी ठेवलेली खुर्ची दुपारी कधीतरी ट्रकाने ढकललेल्या ढिगाखाली गेली होती. ते गृहस्थ त्या रिकाम्या होणाऱ्या जागेकडे पाहत राहिले. शनिवारपासून तीनदा उपसलेली जागा. ती गेली तर या वयात मोटार नेऊन उभी कोठे करायची? तरीही ते मोटारीत बसले. मी त्यांच्या खिडकीशी गेलो आणि म्हणालो, "जा तुम्ही. मी उभा राहतो." त्यांना ते कळले नाही. तेव्हा मी जागेच्या मधोमध जाऊन, फावडे रोवून उभा राहिलो. मग कळले.

चौतीस वर्षे मी बँकेत निरनिराळ्या खुर्च्यांवर बसलो. त्या रात्री स्वतःच खुर्ची झालो. डोक्याला माकडटोपी, त्यावर मफलर, चिरंजीवांचा कोट, सौभाग्यवतींची शाल, अशा वेषात आठपासून पहारा सुरू झाला. पहिल्या अर्ध्या तासात एक मोटार आली, मंद झाली. तरुणाने काच खाली करून विचारले. मी बँकेतील इंग्रजीत उत्तर दिले की, ही जागा राखून ठेवलेली आहे आणि मालक लवकरच येत आहेत. तो काही क्षण माझ्याकडे पाहत राहिला आणि निघून गेला. दुसरा मात्र खाली उतरला, हातवारे करून बरेच काही बोलला. एकही शब्द कळला नाही, त्यामुळे रागही आला नाही. मी हललो नाही. बर्फ ढकलणारा ट्रक दोनदा गेला आणि दोन्ही वेळा त्याने माझ्या राखीव जागेत गुडघाभर बर्फ लोटला. मी तो उपसला. साठीनंतरच्या माणसाने थंडीत बर्फ उपसू नये, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि श्रमाने हृदयावर ताण येतो, हे दूरदर्शनवर रोज सांगत. त्यामुळे चार फावडी झाली की थांबून श्वास मोजत होतो. खिडकीतून सौभाग्यवती "वर या हो, वर या" अशा खुणा करीत होत्या. त्यांच्या खांद्यावर बाळ होते. काचेमुळे रडणे ऐकू येत नव्हते, पण तोंड उघडे दिसत होते.

दहा वाजून वीस मिनिटांनी मोटार वळली. सूनबाई उतरल्या त्या माझ्याकडे पाहून काही बोलायला थांबल्या नाहीत. तशाच, बुटांसकट जिना चढून गेल्या. दोन मिनिटांनी खिडकीतील दिवा मालवला गेला आणि सौभाग्यवती एकट्याच काचेशी आल्या, हात हलवून गेल्या.

वृद्ध गृहस्थांनी मोटार सरळ आणून जागेत बसविली. उतरून त्यांनी दोन्ही बाजूंनी जागा न्याहाळली, माझ्या हातातले फावडे घेतले आणि आभाळाकडे पाहून म्हणाले की, शनिवारी आणखी येणार आहे. मीही मान हलवून त्या बर्फाला, त्या शहराला आणि त्या ट्रकवाल्याला मराठीत यथेच्छ नावे ठेवली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकून घेतली. मग आम्ही आपापल्या मजल्यावर गेलो.

मंगळवारी ठरल्याप्रमाणे रेल्वे बंद राहिली. बुधवारी तिच्या प्रमुख बाईंनी राजीनामा जाहीर केला. वर्तमानपत्रांत जुने डबे, कर्जाचा बोजा, कोणाच्या काळात काय झाले यावर रकानेच्या रकाने आले. त्याच सुमारास काही तरुण मजल्यावरील खिडकीतून खाली बर्फाच्या ढिगात उड्या मारून त्याची चित्रे दाखवू लागले, तेव्हा महापौरांना त्यांची जाहीर कानउघाडणी करावी लागली. आमच्या गृहस्थांना ती बातमी फार आवडली होती. रविवारपर्यंत आणखी सव्वा फूट बर्फ पडला. सूनबाई बहुतेक दिवस कामावर गेल्याच. फक्त जाताना बाळासाठीची तजवीज दुप्पट करून ठेवू लागल्या, आणि बाळही तोपर्यंत वाटीचमच्याला सरावले.

मार्चअखेर आम्ही परत आलो. एप्रिलमध्ये आमच्या दारासमोरचा ढीग वितळला तेव्हा त्याखालून खुर्ची निघाली, असे चिरंजीवांनी कळविले. एक पाय वाकलेला, हिरव्या पट्ट्यांपैकी दोन तुटलेल्या. त्यांनी नवी आणून देण्याची तयारी दाखविली; गृहस्थांनी नकार दिला आणि तीच दुरुस्त करून तळघरात टांगून ठेवली. आता परवा, त्या डोंगराच्या बातमीबरोबरच, चिरंजीवांनी त्यांचा निरोपही पाठविला: येत्या हिवाळ्यात वरचे गृहस्थ येणार असतील तर खुर्चीची गरज पडणार नाही, असे ते म्हणतात.

सौभाग्यवतींनी पारपत्राची मुदत पाहून ठेवली आहे. मी अजून होय म्हटलेले नाही. येथे आज सकाळपासून आभाळ भरून आले आहे, पण पडत मात्र काही नाही, आणि नळाला दोन दिवस पाणी नाही.